फाटकाबाहेरची गाडी

चाकणच्या एका कारखान्यातली वाय-फायची तपासणी पाहायला मी गेलो होतो. तपासणारी तरुणी पुण्याची. लॅपटॉप उघडण्याआधी तिने मालकांच्या सहीचा कागद दाखवला. कोणती नेटवर्कं तपासायची, कधी तपासायची, सगळं त्यात लिहिलेलं. तो नसता तर हेच काम माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली गुन्हा ठरू शकलं असतं.

आत जायची तिला गरजच नव्हती. फाटकाबाहेर गाडीत बसूनच तिने आतल्या एका फोनचं वाय-फाय क्षणभर तोडलं. फोन आपोआप पुन्हा जोडला गेला. जोडताना फोन आणि राउटर एकमेकांना चार संदेश पाठवतात. तेवढेच तिला हवे होते. त्यांत पासवर्ड नसतो, पण आपला अंदाज बरोबर की चूक, हे त्यांवरून पडताळता येतं. खरी मेख इथे आहे. पुढचे लाखो अंदाज लॅपटॉपवर चालतात, राउटरला त्याचा पत्ताही नसतो. तीनदा चुकलं की खातं बंद, हा बँकेचा शिरस्ता इथे चालत नाही.

पासवर्ड निघाला. कंपनीचं नाव, मग ‘@’, शेवटी तीन आकडे.

आयटी बघणारे गृहस्थ चपापले. “मॅडम, आम्ही तो दर तीन महिन्यांनी बदलतो.”

“काय बदलता, सर?”

“शेवटचे आकडे.”

हसू आलं खरं, पण असल्या ढिलाईची किंमत मोठी असते. अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतल्या एका दुकानाचं वाय-फाय चोरांनी २००५ मध्ये बाहेरूनच फोडलं. तिथलं ‘वेप’ हे वाय-फायचं कुलूप कच्चं असल्याचं २००१ सालीच जाहीर झालं होतं! किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेली. आपल्याकडे सप्टेंबर २००८ मध्ये दिल्लीच्या स्फोटांची जबाबदारी घेणारी ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेली, आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पोलीस उघडी नेटवर्कं शोधत रस्त्यांवर उतरले.

तिच्या अहवालात मात्र पासवर्ड दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिली नोंद अशी, की पाहुण्यांच्या नेटवर्कवरून टॅलीचा सर्व्हर आणि हजेरीचं मशीन दोन्ही दिसत होती. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळं लॉगिन द्या, असं तिने सुचवलं. “खर्च किती?” मालकांनी विचारलं. तिने आकडा सांगितला, वर म्हणाली, “नोकरी सोडून गेलेला प्रत्येक माणूस शेवटचे आकडे सोडून बाकी पासवर्ड जाणतो.”

मालकांनी एचआरला फोन लावला आणि सोडून गेलेल्यांची यादी मागवली.