पोलादपूर ते बोर्डी, चिकूच्या वाटेने

पोलादपूरहून बोर्डीला सरळ वाट नाही. दोन्ही गावं कोकणातलीच, पण एक आंबेनळी आणि कशेडी या घाटांच्या पायथ्याशी, डोंगरात रुतलेलं, आणि दुसरं पार गुजरातच्या वेशीवर, समुद्राला लागून. एसटीने महाड, तिथून वीर स्थानक, तिथे दिव्याची पॅसेंजर. दिव्याला उतरून वसईची गाडी, मग विरारची डहाणू लोकल, आणि शेवटी रिक्षा. ऐन वैशाखात हा प्रवास करायचा म्हणजे अंगातलं पाणी आटतं. पण जायचं तर वैशाखातच, असं मी ठरवलं होतं, कारण आमच्याकडची करवंदं तेव्हाच पिकतात.

करवंदांचा आणि बोर्डीचा संबंध सांगायला हवा. महाड-पोलादपूरच्या वरकस जमिनींवर, जिथे एके काळी नाचणी आणि वरी व्हायची, तिथे आज बहुतेक ठिकाणी करवंदीच्या जाळ्या माजल्या आहेत. माणसं मुंबईला गेली, नांगर थांबले. मे महिन्यात या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात. कातकरी बायका पहाटे डोंगरात शिरतात, काट्यांनी हात ओरबाडून घेतात आणि महामार्गाच्या कडेला पानांचे द्रोण मांडून बसतात. संध्याकाळपर्यंत विकलं गेलं ते खरं. पाटीच्या तळाशी उरतं ते फुटलेलं, रस गळणारं फळ, आणि ते दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही. जांभळांचंही तेच. झाडाखाली सडा पडतो आणि जागीच आंबतो. हे पाहतच मी वाढलो आणि दर वर्षी तितकंच वाईट वाटतं. म्हणून बोर्डीत चिकूची वाइन होते हे कळल्यापासून तिथे जायचं मनात होतं.

डहाणू स्थानकाबाहेर पडल्यावर हवा बदलते. नरपड, चिखले, घोलवड अशी गावं ओलांडत रस्ता किनाऱ्याने जातो. एका बाजूला सुरूची झाडं, त्यापलीकडे ओहोटीत लांबवर मागे सरलेला समुद्र आणि काळसर ओली वाळू. दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या, एकीला लागून दुसरी. पारशी आणि इराणी बागायतदारांनी इथे चिकू रुजवला, वाडवळ आणि इतर शेतकऱ्यांनी तो वाढवला. डहाणू-घोलवडच्या चिकूला आज भौगोलिक मानांकन आहे.

या वाड्या टिकल्या याला एक कारण आहे, आणि महाडच्या माणसाला ते टोचतं. केंद्र सरकारने 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि कारखानदारीवर बंधनं घातली. औष्णिक वीज केंद्र तरीही आलंच. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 साली डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. आमच्या महाडला मात्र रासायनिक कारखान्यांची वसाहत मिळाली. रोजगार आला हे खरं, पण सावित्री नदीच्या पाण्याचं काय झालं ते खालच्या अंगाच्या कोळ्यांना विचारावं. डहाणूकरांची लढाई संपलेली नाही. वाढवण बंदराचं भूमिपूजन 2024 मध्ये झालं आणि किनाऱ्यावरच्या गावागावात त्याबद्दलची चिंता ऐकू येते.

बोर्डी हे शिकल्यासवरल्या माणसांचं गाव. शिक्षणतज्ज्ञ आचार्य भिसे यांनी इथेच काम केलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली इथेच ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं. अशा गावात वाइनचा कारखाना निघावा याचं मला आधी नवल वाटलं होतं. वाड्यांमधून हिंडल्यावर ते ओसरलं.

चिकू काढणाऱ्या एका माणसाने बांबूला लावलेल्या जाळीतलं फळ माझ्या हातावर ठेवलं आणि नखाने साल किंचित खरवडून दाखवली. खाली हिरवं दिसलं तर फळ कोवळं, तपकिरी-पिवळसर दिसलं तर तयार. तयार फळही लगेच खाता येत नाही. चीक घशाला धरतो. काढल्यावर ते पिकू द्यावं लागतं, आणि वैशाखाच्या उन्हात ते इतक्या झपाट्याने पिकतं की दिल्लीच्या बाजारात पोचेपर्यंत तळातला थर लगदा झालेला असतो. मग भाव पाडला जातो. आमच्या करवंदांचं दुखणं मला इथे मोठ्या प्रमाणावर दिसत होतं.

प्रियांका सावे आणि त्यांचे पती नागेश पै यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. ‘हिल झिल वाइन्स’ ही त्यांची वाइनरी. ‘फ्रुझांते’ या नावाने त्यांची वाइन बाजारात येते, आणि देशातली पहिली चिकूची वाइन म्हणून ती ओळखली जाते. अननस, आंबा यांचीही वाइन ते करतात. महाराष्ट्रात वाइन म्हटलं की नाशिकची द्राक्षं डोळ्यांपुढे येतात. इथे द्राक्षाचा मणीही नाही.

आत शिरल्यावर आधी वास येतो, गूळ वितळताना येतो तसा, पण त्याला मागून आंबूस धार. चिकूत साखर भरपूर आणि आंबटपणा अगदी कमी, ही वाइन करणाऱ्यापुढची खरी अडचण. आंबटपणा नसेल तर वाइन बेचव लागते आणि टिकतही नाही, म्हणून त्याचा तोल बाहेरून सांभाळावा लागतो. फळ अर्धंकच्चं घेतलं तर तुरटपणा उतरतो, फार पिकलं तर वास बिघडतो. म्हणजे काम टाकीपाशी सुरू होत नाही, वाडीत, त्या नखाच्या ओरखड्यापाशी सुरू होतं. गर, यीस्ट, थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्या, गाळणं, बाटल्या हे सगळं त्यानंतर. मी चाखली ती फिकट सोनेरी होती, हलका फेस असलेली. पहिल्या घोटात चिकू ओळखू येत नाही. घोट उतरल्यावर मागे जी चव राहते ती मात्र त्याचीच.

दारूचा विषय आमच्याकडे साधा नाही. हातभट्टीने घरं बसलेली मी पाहिली आहेत, आणि गावच्या बायकांनी करवंदाच्या वाइनला विरोध केला तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. मला बोर्डीत महत्त्वाची वाटली ती बाटली नव्हे. फळ जिथे पिकतं तिथेच त्याला धरून ठेवता येतं, आणि ते काम गावातली माणसं करू शकतात, हे महत्त्वाचं वाटलं. सरबत, सुकवलेल्या फोडी, लोणचं, कशातही ते होईल.

बोर्डीहून झाई ओलांडली की गुजरात लागतं, पण बोली फारशी बदलत नाही. उंबरगाव तालुक्यातल्या देहरी गावाजवळ ‘कल्पवृक्ष’ ही भास्कर सावे यांची सुमारे 14 एकरांची वाडी आहे. सावे 1922 साली जन्मले, प्राथमिक शाळेत शिक्षक झाले, रासायनिक खतांची एजन्सीही त्यांनी घेतली होती. नंतर खर्च आणि जमीन यांचा हिशेब मांडून त्यांनी ती वाट सोडली आणि नैसर्गिक शेती धरली. 2015 साली ते गेले. जपानच्या शिकोकू बेटावर, समुद्राकाठच्या टेकडीवर संत्री आणि भात पिकवणारे मासानोबू फुकुओका इथे आले होते, आणि ही वाडी आपल्या शेतापेक्षाही सरस आहे असं म्हणून गेले. त्याच जपानमध्ये आज होक्काइडोच्या योइची या किनारी गावात ताकाहिको सोगा द्राक्षांवरच्या नैसर्गिक यीस्टच्याच बळावर वाइन करतात. फवारणी न झालेल्या फळाच्या सालीवर आंबवणारं बीज निसर्गानेच ठेवलेलं असतं. त्या हिशेबाने आमची करवंदं जगातल्या कुठल्याही बागेपुढे उभी राहतील, कारण त्यांच्यावर आजवर कोणी काही फवारलेलंच नाही.

कल्पवृक्षात मी सर्वांत जास्त वेळ चरांपाशी बसलो. नारळ आणि चिकू उंच वाफ्यांवर, आणि वाफ्यांच्या मधे चर. पाणी बुंध्याशी द्यायचं नाही, चरात द्यायचं. अन्न घेणारी मुळं झाडाच्या पसाऱ्याच्या कडेला असतात, ती ओलाव्याकडे आपणहून जातात. चरात वाळली पानं पडतात, कुजतात. मी वरचा पालापाचोळा हाताने सारला. खाली काळी, भुसभुशीत माती, बोट पहिल्या पेरापर्यंत सहज आत गेलं, आणि गांडुळाच्या विष्ठेचे बारीक गोळे बोटाला चिकटून आले. बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होतं. इथली माती ओली होती.

पोलादपूरला हीच रचना जशीच्या तशी चालणार नाही. कल्पवृक्षाची जमीन सपाट, आमची उभ्या उताराची. आमचा पाऊस धो-धो, आणि 22 जुलै 2021 ला आमच्याकडच्या तळिये, केवनाळे आणि साखरसुतारवाडी या वस्त्यांवर डोंगर कसा खाली आला ते आम्ही विसरलेलो नाही. उतारावर नको तिथे पाणी मुरवणं धोक्याचं, म्हणून जिथे कडा सुटण्याची भीती आहे तिथे हात लावायचा नाही. पण खालच्या अंगाला, जुन्या नाचणीच्या बांधांवर, समपातळीत उथळ चर घेता येतील. राब भाजण्यासाठी तोडून नेतो तो पाला निदान काही तुकड्यांत जागेवर राहू देता येईल. करवंदीच्या जाळ्या तशाच ठेवून मधे कोकम आणि जांभूळ लावता येईल.

परतीच्या पॅसेंजरमध्ये, कोलाड ते वीर, मी वहीच्या मागच्या पानावर आमच्या तुकड्याचा कच्चा नकाशा काढला. बांध कुठे, पाणी कुठून उतरतं, जाळ्या कुठे दाट आहेत. चुलतभावाला फोन करून सांगितलं की पावसाआधी दोन माणसं आणि पाण्याची पातळी बघायला एक पारदर्शक नळी लागेल. तो म्हणाला, नळी आहे, माणसं बघतो.