हिमवाहनाची परीक्षा

जेथें चार महिने भूमीचें दर्शन दुर्लभ, तेथील माणसाचें वाहन कसें असावें, हा प्रश्न आपणां दक्षिणी लोकांस सहसा पडत नाहीं. परंतु गेल्या माघांत अमेरिकेंतील माँटाना राज्यांत माझ्या भाच्याकडे राहण्याचा योग आला, आणि त्याचा विचार मला प्रत्यक्ष बर्फांत उभें राहून करावा लागला.

वेस्ट यलोस्टोन हें साडेसहा हजार फुटांहून अधिक उंचीवरील लहानसें गांव. १८७२ सालीं स्थापन झालेल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचें पश्चिमद्वार तें हेंच. हिंवाळ्यांत गांवच्या रस्त्यांवरूनहि स्नोमोबाईल गाड्या धांवतात. पुढें दोन घसरपट्ट्या, मागें रबराचा दंतुर फिरता पट्टा. भाच्यास असें एक वाहन विकत घ्यावयाचें होतें. परंतु तयार वाटेवर धांवणारें घ्यावें, कीं डोंगरांतील भुसभुशीत बर्फांत चढणारें, याचा निश्चय होईना. दोहोंच्या मधलें, ज्यास ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात, तें त्यानें एक दिवस भाड्यानें घेतलें. मी वाटाड्याच्या दोन आसनी वाहनावर मागें बसलों, आणि आम्हीं टू टॉप पर्वताची वाट धरली.

या वाहनांतील भेद मुख्यतः पट्ट्यांत असतो. वाटेवरच्या वाहनाचा पट्टा १२९ ते १३७ इंच लांब व दांते सुमारें सव्वा इंच. पर्वतावरच्याचा १५४ इंच वा अधिक व दांते अडीच ते तीन इंच. आमच्याचा पट्टा १४६ इंच, दांते दोन इंच. लांब पट्ट्यानें भार अधिक जागेवर विभागतो, म्हणून वाहन बर्फावर तरतें. उंच दांते मऊ बर्फ पकडतात. हेच गुण कठीण वाटेवर दोष ठरतात. लांब पट्टा वळणावर सरळ जाऊं पाहतो आणि उंच दांते धडधडतात.

रात्रीं यंत्रानें सपाट केलेली वाट सारवलेल्या अंगणासारखी होती. भाचा वळणें सुखानें घेत होता. मात्र एके ठिकाणीं वाट इतकी टणक होती कीं बर्फाचा चुरा उडेना. आणि इंजिन थंड राहतें तें त्या चुऱ्यामुळेंच! पट्ट्याशेजारच्या दोन लवचिक तारा खालीं सोडून बर्फ खरवडला, तेव्हां कोठें उष्णतेचा कांटा उतरला.

माथ्यावर हिमानें मढलेले वृक्ष पांढऱ्या भुतांसारखे उभे होते. तेथें भाचा वाट सोडून ताज्या बर्फांत शिरला. एका बाजूस भार देऊन, हातदांडा उलट ओढून वाहन कलतें ठेवावें लागतें. चार फेऱ्या उत्तम झाल्या. पांचव्या वेळीं चढावर कचरून त्यानें वेग सोडला; पट्ट्यानें स्वतःच खड्डा खणला, आणि सुमारें पांचशें पौंडांचें तें धूड कमरेइतक्या बर्फांत रुतलें. तें काढण्यांत पाऊण तास गेला.

“मामा, लांब पट्टा असता तर थेट वर गेलों असतों,” तो धापा टाकीत म्हणाला.

वाटाड्यानें वरचा उतार दाखविला. त्यावर नवा बर्फ सांचला होता. “आज तेथें न पोंचणेंच बरें,” एवढेंच तो बोलला. हिमलोटांत गाडला गेलेला माणूस शोधतां यावा म्हणून आम्हां तिघांच्या छातीशीं एकेक यंत्र बांधलें होतें. माझें मला त्या क्षणीं प्रथमच जड वाटलें.

उतरतांना एक हकीकत आठवली. कॅनडांतील व्हाल्कूर गांवच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांस हिमवाहनाचा ध्यास तरुणपणापासूनच होता. १९३४ सालीं बर्फानें रस्ते अडल्यामुळें त्यांच्या दोन वर्षांच्या आजारी मुलास रुग्णालयांत नेतां आलें नाहीं, व तो दगावला. पुढें १९३७ सालीं त्यांस दंतचक्र व पट्टा यांच्या योजनेचें पेटंट मिळालें. १९५९ सालीं त्यांची ‘स्की-डू’ बाजारांत आली. माणूस सुखरूप पोंचावा, ही तळमळ ज्याच्या इतिहासांत आहे, त्याची परीक्षाहि त्याच कसोटीवर व्हावी.

देहलीदीपन्यायानें उंबरठ्यावरचा दिवा घर आणि अंगण दोन्ही उजळतो. परंतु देवघरांतील समईची किंवा अंगणांतील मशालीची बरोबरी तो करीत नाहीं. हें वाहनहि तसेंच. दहांपैकीं आठ दिवस वाटेवर जाणाऱ्या भाच्यास तेवढा उजेड पुरेसा होता. पुढच्या आठवड्यांत त्यानें तेंच घेतलें. आणि त्याबरोबर, मला न सांगतां, हिमलोटाचें शिक्षण देणाऱ्या वर्गांतहि नांव घातलें.