बशीभर मेजवानी

धर्मगुरूच्या वाट्याला आग्रहाची जेवणे फार येतात. बाप्तिस्मा असो, लग्न असो, नव्या घराचा आशीर्वाद असो, यजमानीणबाई ताटाजवळ उभ्या असतात आणि "फादर, तुम्ही तर काहीच घेतलं नाही" हे वाक्य आम्हास भरल्या ताटासमोर ऐकावे लागते. या आग्रहामागे निर्मळ प्रेम असते. परंतु ज्याला खाताच येत नाही, त्याच्यावर या प्रेमाचा केवढा भार पडतो, हे आमच्या एका वर्गबंधूकडे पाहून आम्हास उमगले.

२०२१ साली कर्करोगामुळे त्याच्या जठराचा मोठा भाग काढावा लागला. तेव्हापासून दिवसातून सहा वेळा, दर वेळी चार घास, तेही सावकाश, हा त्याचा नेम झाला. दोन घास अधिक झाले, किंवा गोड पदार्थ भरभर खाल्ला गेला, की घाम सुटतो, छाती धडधडते आणि आडवे व्हावे लागते. तो मिस्सेला येई, सत्काराला येई. जेवणाच्या मंडपात मात्र दिसत नसे. "एका आजाऱ्याला भेटायचं आहे," असे सांगून तो निघे. हे निमित्त खोटेही नव्हते. तो खरोखरच कुणा आजाऱ्याच्या घरी जाऊन बसे.

२०२३ साली आमच्या गुरुदीक्षेस पंचवीस वर्षे पूर्ण झाली. गोरेगावच्या सेमिनरीत ज्यांच्याबरोबर बसलो, उठलो, परीक्षांना घाबरलो, त्यांपैकी आम्ही चौघे आजही एकमेकांस धरून आहोत. आपापल्या धर्मग्रामांत सोहळे झाले, शाली झाल्या, शेकडो पाने उठली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आम्ही स्पेनच्या यात्रेला निघालो: संत फ्रान्सिस झेवियरचा हाविएर येथील वाडा, संत तेरेजाचे आविला, आणि शेवटी दक्षिणेकडील सेव्हिल. आमचा हा मित्र येण्यास राजी झाला तो एकाच अटीवर. "माझ्यासाठी कुठं टेबल सजवू नका," तो म्हणाला, "चार माणसं जेवताना एकाचं ताट तसंच राहिलं, की सगळ्यांचं जेवण बिघडतं."

अट मान्य केली खरी. परंतु पंचवीस वर्षांनिमित्त चौघांनी एकत्र काहीच खायचे नाही, हे मनाला पटेना. आमच्यातील एकजण रोममध्ये शिकलेला आहे आणि इटालियनच्या आधाराने स्पॅनिशही रेटून नेतो. त्याने तोड काढली. "टेबलच नको ना? मग आपण उभ्यानेच खाऊ," तो म्हणाला आणि आम्हाला तापास खाण्यास घेऊन गेला.

'तापा' या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ झाकण. मद्याच्या पेल्यावर माशी किंवा धूळ पडू नये म्हणून पावाचा किंवा मांसाचा काप ठेवीत, त्यावरून लहान बशीतील खाद्याला हे नाव पडले, असे सांगतात. आज तापा म्हणजे तीन-चार घासांचा कोणताही पदार्थ. त्याहून मोठी 'मेदिया रासियोन', म्हणजे अर्धी ताटली; आणि पूर्ण ताटली ती 'रासियोन'. एका दुकानात दोन बश्या, पुढल्यात आणखी दोन, असे हिंडत खाणे ही तेथील रीत आहे. ग्रानादा शहरात पेयाबरोबर तापा फुकट मिळतो. सेव्हिलमध्ये पैसे मोजावे लागतात. निवडही मग आपल्या मर्जीची असते!

आम्ही गेलो ते 'एल रिंकोन्सिओ' सांता कातालिना या जुन्या चर्चसमोरच्या कोपऱ्यावर आहे. नावाचा अर्थही 'छोटा कोपरा' असाच. स्थापना १६७० ची. म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या चार वर्षे आधीची, आणि वसईचा किल्ला तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती होता. आत काळपट लाकडाचा लांब काउंटर, वर टांगलेल्या डुकराच्या खारवलेल्या तंगड्या, आणि पांढऱ्या सदऱ्यातील वाढपी. ते आपला हिशेब कागदावर लिहीत नाहीत. गिऱ्हाईक जेथे उभे असेल, तेथेच काउंटरच्या लाकडावर खडूने आकडे मांडतात.

पहिल्यांदा पालक आणि काबुली चणे आले. नुसते नाव ऐकून आम्ही फारसे हरखलो नव्हतो. पण वाफेबरोबर जिऱ्याचा आणि लसणीचा वास आला आणि चौघांनीही एकमेकांकडे पाहिले! तळलेला पाव कुटून त्याने रस दाट केलेला, वर थोडी तिखट-लाल मिरपूड. सेव्हिलवर १२४८ सालापर्यंत पाच शतकांहून अधिक काळ मुस्लिम सत्ता होती. त्या काळाची खूण अशा वासांत राहून गेली आहे. हा पदार्थ उपवासकाळातील, मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारांचा. त्याच मालिकेतील दुसरी बशी आली ती पिठात घोळून तळलेल्या खाऱ्या कॉड माशाची. समुद्रापासून दूरच्या गावांनाही उपवासकाळात मासा मिळावा, तो खारवल्यामुळेच; सुक्या बोंबलावर पावसाळा काढणाऱ्या वसईकराला हे शास्त्र शिकवावे लागत नाही.

मग 'खामोन'. ओकाची फळे खाऊन वाढलेल्या काळ्या डुकराची मांडी मिठात मुरवून, दोन-तीन वर्षे वाऱ्यावर सुकवतात आणि लांब पातळ सुरीने तिचे काप काढतात. काप इतका विरळ, की बशीची नक्षी आरपार दिसावी. तो चावायचा नसतो, जिभेवर ठेवायचा असतो. आमच्या मित्राने एक काप उचलला आणि कितीतरी वेळ काहीच बोलला नाही. आम्ही घाबरून विचारले, "काय रे, त्रास होतोय का?" तो म्हणाला, "गप्प बसा. चव घेतोय."

तेवढ्यात आम्हाला सकाळी कॅथेड्रलमध्ये पाहिलेली कबर आठवली. तेराव्या शतकातील विद्वान राजा दहावा आल्फोन्सो तेथे विसावला आहे. एका दंतकथेप्रमाणे राजा आजारी असता वैद्यांनी त्याला मद्याबरोबर थोडे थोडे, वरचेवर खाण्यास सांगितले. बरे झाल्यावर त्याने तोच नियम साऱ्या खानावळींना घालून दिला, आणि तापास जन्मले. इतिहास म्हणून यावर विसंबता येत नाही, पण आमच्या मित्राला ती कथा फार आवडली. "म्हणजे माझं पथ्य राजमान्य आहे तर!" असे म्हणून त्याने चण्यांची बशी आपल्याकडे ओढली.

आम्ही त्याच्याकडे पाहत नसल्याचे दाखवत पाहत होतो. त्याचे घास चार झाले, मग थोडा विसावा, मग कॉडचा अर्धा तुकडा. नेहमीप्रमाणेच तो खात होता. फरक एवढाच, की आम्हीही तसेच खात होतो. मध्ये ठेवलेली एक बशी, चार काटे, अधूनमधून गप्पा. कोणाचे ताट भरलेले नाही, म्हणून कोणाचे ताट टाकलेले नाही. वाढप्याने "आवडलं नाही का?" असे एकदाही विचारले नाही. आपल्याकडील पंगतीत आग्रह होता, पण वाढणाऱ्याचे डोळेही पानावर असत. आता बुफेच्या रांगेत ताटाचा डोंगर होतो आणि त्याचा निम्मा भाग टोपलीत जातो. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या बापांची गाऱ्हाणी आम्ही ऐकतो, म्हणून हे थोडे कडवटपणे लिहीत आहोत.

खडूच्या आकड्यांची बेरीज चौघांची मिळून पन्नास युरोंच्या आत आली. मुक्कामी परतावे, असे आम्ही सुचवले. रात्रीचे साडेनऊ झाले होते, आणि मित्र दीड तास काउंटरला रेलून उभा होता. तो म्हणाला, "रीत काय आहे? दोन बश्या इथं, दोन पुढं. मग चला की पुढं."

पुढले दुकान लहान होते. तेथे 'आदोबो' मागवले: मुशीचे तुकडे व्हिनेगर, लसूण, जिरे यांत मुरवून तळलेले. विंदालूच्या नावातही पोर्तुगीज लसूण आणि आंबवलेला द्राक्षरस लपलेले आहेत, तेव्हा हा पदार्थ आम्हाला दूरच्या नातेवाइकासारखा भेटला. बशीत शेवटी एकच तुकडा उरला. कोणीही हात लावीना. आपल्याकडेही असेच होते. रोमवाल्याने सांगितले, की स्पेनमध्ये अशा उरलेल्या तुकड्याला 'लाजेचा तुकडा' म्हणतात. सर्वांना हवा असतो आणि कोणीच उचलत नाही.

आमच्या मित्राने काटा पुढे केला आणि तो उचलला.