उकळलेलं पाणी कुणासाठी?

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "डॉक्टर, एचआयव्हीवर लिहा, पण सणाचा अंक आहे, घाबरवू नका." म्हटलं, मग पाण्यावर लिहितो. पाण्याला कोण घाबरतं?

निदान रत्नागिरीत तरी कुणी घाबरत नाही. "आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे अमृत," हे मी रोज ऐकतो. पण विहीर खोदलेली असते जांभ्यात आणि जांभा भेगाळ. जुलैत गोठ्यातलं, शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून गाळलं जायला वेळच मिळत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक चाकरमानी आला. मुंबईची नोकरी सुटली तशा एचआयव्हीच्या (एआरटी) गोळ्याही सुटलेल्या. महिनाभर पाण्यासारखे जुलाब, सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) शंभराच्या खाली. शौचाच्या नमुन्याला अ‍ॅसिड-फास्ट रंग दिला, तर निळ्या पार्श्वभूमीवर लालगुलाबी गोल ठिपके दिसले. क्रिप्टोस्पोरिडियम, जुलाब लावणारा परजीवी. तो पाण्यातूनच आला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. घरात वासरूही होतं. पण घरच्यांनी पाण्याचं नावच काढू दिलं नाही. "टीसीएल टाकतात हो विहिरीत!"

आता थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, मी विरोधक नाही. पटकी, विषमज्वर त्यानेच आटोक्यात राहतात. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं की जलसुरक्षक खूश होतो आणि त्याचं बरोबरच आहे. पण क्रिप्टोच्या चार-सहा मायक्रॉनच्या अंड्यांना (खरं तर ती अंडी नव्हेत, ऊसिस्ट, असो) जाड कवच असतं. पिण्याच्या पाण्यात चालेल एवढ्या क्लोरीनला ती दाद देत नाहीत. जुन्या साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळल्यावर बांगलादेशात पटकी निम्म्यावर आली, पण त्या घडीतून साधारण वीस मायक्रॉनपर्यंतचं अडतं, आमचा प्राणी आरामात निसटतो. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन दिलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोक आजारी पडले. जे दगावले त्यांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते. म्हणून सांगतो, उकळा. आणि वीस मिनिटं नव्हे! हा वीस मिनिटांचा सल्ला कुणी रुजवला कोण जाणे. सिलिंडरच्या भावात तो कोण पाळणार? खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. मग झाकण, आणि पाणी काढायला ओगराळं, हातातला पेला बुडवायचा नाही.

खरा इलाज अर्थात गोळ्याच. २००४ पासून सरकार त्या फुकट देतं. सीडी-फोर वर चढला की हा परजीवी बहुधा आपसूक हटतो. तोवर त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. मग पाण्याबद्दल मी उगाच एवढा घसा कोरडा करतो का, अशी शंका मलाही येते. पण चढायला महिने लागतात आणि तहान रोज लागते.

लोकांचा प्रश्न मात्र उलटा. "त्याचा तांब्या वेगळा ठेवायचा का?" अहो, तांब्यातून, विहिरीतून एचआयव्ही पसरत नाही. तुमच्या विहिरीपासून जपायचं आहे ते त्यालाच.

आणि अडचण तिथेच आहे. कोकणातल्या घरात सकाळभर चुलीवर आंघोळीचं पाणी तापत असतं, पिण्याचं मात्र कळशीतून थेट तोंडात. अशा एकत्र घरात एकट्याने उकळलेलं पाणी मागायचं म्हणजे स्वतःच दवंडी पिटायची. मी घरच्यांना सांगू शकत नाही. २०१७ च्या कायद्याने ते गुपित त्याचं आहे, आणि तसंच असावं. तेव्हा मी सबब सुचवतो. वैद्यकीच्या कुठल्याच पुस्तकात हे शिकवत नाहीत. या चाकरमान्यासाठी आम्ही दोघांनी त्याच्या भावाचं सात महिन्यांचं बाळ पुढे केलं: "डॉक्टर म्हणाले, बाळ आहे, सगळ्या घराचं पाणी उकळा."

आईला पटलं. ती रोज उकळते, एक पातेली, बाळापुरती. पुढच्या खेपेस वडिलांच्या पोटाचं कारण काढायचं ठरलंय.