साथीची पेटी

परवां चारठाण्यास गेलों असतां माळवदाच्या घरांतील कोनाड्यांतून अण्णांची पेटी खालीं काढली. भाता फाटलेला, दोन पट्ट्या कायमच्या दबलेल्या. आमचें गांव जुन्या देवळांचें. दर एकादशीस अण्णा हिच्यावर भजनाची साथ करीत. कॉलेजांतून सुटीस आलों असतां ते एकदां म्हणाले, "ये, तुला शिकवितों." इंग्रजी वाङ्मयाचीं चार पुस्तकें वाचून प्रतिभा म्हणजे एकट्याचें कर्तृत्व, असा माझा पक्का ग्रह झाला होता. मी म्हणालों, "दुसऱ्याच्या मागून चालण्यांत शिकायचें काय?" त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. भाता मिटून आंकडा लावला, इतकेंच.

ही पेटी मूळची फ्रेंच. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं यानें १८४२ सालीं हार्मोनियमचा हक्क नोंदविला. पियानोशीं तिचें साम्य पट्ट्यांपुरतेंच. पियानोची पट्टी दाबली कीं हातोडी तारेवर आपटते, आणि स्वर उमटल्या क्षणापासून विझूं लागतो. पेटींत वारा आहे तोंवर स्वर टिकून राहतो. पण पियानोस सभागृह लाभलें, एकट्यानें वाजवून कीर्ति मिळविण्याचा मार्ग लाभला. पेटी आपल्याकडे आली आणि गवयाच्या बाजूस बसली. तेथेंही तिला सुख नव्हतें. पट्टीपट्टींत अंतर, म्हणून मींड निघत नाहीं. स्वर बांधलेले, म्हणून श्रुति साधत नाहींत. या दोषांपायीं आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दार बंद ठेवलें.

अशा उपेक्षित वाद्यावर आमच्याच मराठवाड्यांतील एका माणसानें आयुष्य उभें केलें. अप्पा जळगांवकर १९२२ मध्यें जालन्याजवळच्या जळगांवीं जन्मले. छब्बूबुवा गुरव यांच्यापाशीं ते धृपद-धमार शिकले. पेटी मात्र बव्हंशीं स्वतःच्या कानानें मिळविली. गळ्याची तालीम त्यांच्या बोटांत उतरली होती. २००९ मध्यें पुण्यास त्यांचें निधन झालें, तोंपर्यंत भीमसेन जोशींसारख्या गवयांच्या मैफली त्यांच्या साथीनें भरलेल्या होत्या.

या साथीचें मर्म मला फार उशिरां कळलें. गवई पुढें कोणत्या वाटेनें जाणार, हें गवयालाही आधीं ठाऊक नसतें. पेटीवाला केसाएवढा मागें राहून ती वाट ओळखतो. गवई श्वास घेतो तेवढ्या फटींत गेलेला स्वर तेवत ठेवतो. आणि सम जवळ आली कीं स्वतः बाजूस होतो. मागून चालणें तें हेंच! त्याला पुढें चालणाऱ्याइतकीच विद्या लागते, आणि तिच्यावर संयम लागतो तो वेगळाच.

बरें, एकट्याच्या कीर्तीचे धनी तरी एकटे होते काय? आल्फ्रेड कोर्तो हा शोपॅंचा नामांकित फ्रेंच वादक. परंतु १९०५ पासून तो थिबोचें व्हायोलिन व कासाल्सचा चेलो यांच्या जोडीनें वाजवूं लागला. आणि १९३६ मध्यें मॅगी टेट या गायिकेच्या आवाजाला पियानोची साथ देऊन त्यानें देबुसीचीं गीतें मुद्रित केलीं. त्याला त्यांत कमीपणा वाटला नाहीं. तो वाटला चारठाण्याच्या एका कॉलेजकुमारास!

आज मागें वळून पाहतों तों काय दिसतें? तीस वर्षें मीं वर्गांत दुसऱ्यांच्याच कविता उलगडल्या. कवि थांबला तेथें त्याचा स्वर मुलांच्या कानीं क्षणभर अधिक टिकावा, एवढाच माझा उद्योग. म्हणजे साथच ती. आणि अण्णांच्या इतकी ती सुरेल झाली असेल, अशी मला खात्री नाहीं.

पेटी परभणीस दुरुस्तीला दिली आहे. मधल्या सप्तकाच्या पट्ट्या त्यांच्या बोटांनीं झिजल्या आहेत, त्या बदलूं नका, असें कारागिराला बजावलें आहे. "वाजवणार कोण?" असें त्यानें विचारलें. मी कांहींच बोललों नाहीं. मला वाजवितां येत नाहीं. आणि ज्यांनीं शिकविलें असतें, त्यांना मीं एकदां नको म्हटलें होतें.