देवचार आणि गवंडी

डिचोलीच्या न्यायालयात घटस्फोटाचा दावा चालवावयाचा झाला, की मला आजही ३ नोव्हेंबर १९१०च्या पोर्तुगीज हुकूमनाम्याचा आधार घ्यावा लागतो. विवाहास नागरी करार मानणारा दुसरा हुकूमनामा त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरचा. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजेशाही कोसळून प्रजासत्ताक आले, आणि तीन महिन्यांच्या आत त्याने हे कायदे केले. त्या वेळचे न्यायमंत्री अफोन्सो कोस्ता पेशाने वकील होते, आणि फ्रीमेसनही होते. राज्यसंस्था व चर्च यांची फारकत करणारा २० एप्रिल १९११चा कायदा त्यांचाच. ज्या प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंस सरकारी नोकरीची व समान नागरिकत्वाची वाट मोकळी करून दिली, त्याच्या धुरीणांत फ्रीमेसन पुष्कळ होते. तेव्हा या मंडळींचा आपल्या जीवनावर काही प्रभाव पडला काय, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर होकारार्थी आहे. परंतु तो प्रभाव मी कायद्याच्या पुस्तकात कलमवार दाखवू शकतो.

गेल्या चैत्रात हेच मला आमच्या देवस्थानच्या महाजनांपुढे सांगावे लागले. मुंबईस स्थायिक झालेल्या एका कुळावी गृहस्थाने अग्रशाळेच्या दुरुस्तीसाठी देणगी देऊ केली होती. हा गृहस्थ तेथील एका लॉजचा सभासद असल्याची कुणकुण लागली, आणि सभा दुभंगली. एक वयोवृद्ध महाजन मला म्हणाले, “वकीलबाब, ते देवचाराक पुजपी लोक. तांचो पयसो देवळाक नाका.” एका तरुणाने भर घातली, की जगातील सरकारे हेच लोक पडद्याआडून चालवितात. पुरावा कोणी मागितला नाही. पेशाच्या सवयीने मी मागितला.

पेडणे-डिचोलीकडील वाचकांस देवचार म्हणजे काय हे सांगावयास नको. गावसीमेचा राखणदार, रात्री वाट चुकलेल्यास घरी पोहोचविणारा. त्यास आपण नारळ ठेवतो, गाऱ्हाणे घालतो. ख्रिस्ती कोंकणीत मात्र हाच शब्द सैतानासाठी रूढ झाला. आमचा राखणदार दुसऱ्याच्या धर्मशिक्षणात नरकाचा धनी ठरला, आणि आता तोच अर्थ उचलून आमचे महाजन तिसऱ्याच कोणावर फेकीत होते!

या आरोपाची वंशावळ पाहण्याजोगी आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने दारी तुळस लावण्यापर्यंतच्या हिंदू चालीरीतींना मनाई करणारे फर्मान काढले. दोनच वर्षांनी, १७३८ मध्ये, पोप बारावे क्लेमेंट यांनी फ्रीमेसनरी निषिद्ध ठरविली. आणि १७४३ साली लिस्बनच्या इन्क्विझिशनने जॉन कूस्तोस या रत्नांना पैलू पाडणाऱ्या कारागिराला या गुन्ह्यासाठी धरून त्याचा छळ केला. तुळशीचे वृंदावन आणि गवंड्याचा गुण्या एकाच न्यायासनापुढे आरोपी होते. दिवाडीचा सप्तकोटेश्वर ज्या छळामुळे नदी ओलांडून आपल्या नार्व्याला आला, त्या छळाचेच हे पुढचे पान होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर या प्रकरणाने प्रहसनाचे रूप घेतले. पॅरिसमध्ये लिओ ताक्सिल नावाच्या लेखकाने १८८५ साली आपण कॅथलिक धर्माकडे परत वळल्याचे जाहीर केले आणि पुढली बारा वर्षे फ्रीमेसनांच्या सैतानपूजेच्या कथा रचल्या. त्याच्या एका सहकाऱ्याने डॉ. बाताय या टोपणनावाने लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात ही सैतानपूजा कोठे चालते? पाँडिचेरीस आणि कलकत्त्यास, हिंदूंच्या देवळांत! १९ एप्रिल १८९७ रोजी ताक्सिलने भरसभेत हसत हसत कबूल केले, की सारे बनावट होते. आरोपकर्त्यानेच आरोप मागे घेतल्यावर खटला संपावयास हवा होता. तो संपला नाही. अफवेला अपिलाची मुदत नसते.

राजकारणाचा आरोप इतका पोकळ नाही, आणि तसा तो आहे असे मी सभेत म्हटलेही नाही. इटलीत १९८१ साली लिचो जेल्ली याच्या ‘पी दुए’ लॉजची ९६२ नावांची यादी सापडली. तीत मंत्री होते, सेनाधिकारी होते, पत्रकार होते. तेथील सरकार कोसळले, आणि पुढल्या वर्षी कायद्याने ते लॉज विसर्जित झाले. गुप्ततेच्या आश्रयाने सत्तेचा व्यापार होऊ शकतो, यास याहून मोठा दाखला नको. परंतु तेथे यादी होती, चौकशी झाली, अहवाल झाला.

सालाझारच्या राजवटीने याच्या उलट केले. २१ मे १९३५च्या १९०१ क्रमांकाच्या कायद्याने गुप्त संस्थांवर बंदी आली, आणि आपण अशा संस्थेत नाही व कधी असणारही नाही, असे प्रत्येक सरकारी नोकराने लिहून देणे सक्तीचे झाले. या विधेयकावर कवी फेर्नांदु पेसोआ यांनी ४ फेब्रुवारी १९३५च्या वृत्तपत्रात कठोर टीका केली. गंमत अशी, की ज्योतिष आणि गूढविद्या यांचा खरा नाद या पेसोआंना होता, आणि ते फ्रीमेसन नव्हते. त्या दशकाच्या आरंभी पोर्तुगीज फ्रीमेसनांचे प्रमुख होते नॉर्टन द मातुश. १८९८ साली गोव्यात येऊन येथील जमीन-मोजणीच्या कामाची घडी बसविणारे तेच हे अधिकारी. १९४९च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते सालाझारच्या पक्षाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांचे फ्रीमेसन असणे हाच त्यांचा गुन्हा म्हणून मिरविण्यात आला. मतदानापूर्वीच त्यांनी माघार घेतली.

जुन्या पोर्तुगीज दप्तरांत आमच्या महाजनीस ‘माझानिया’ म्हणत आणि फ्रीमेसनरीस ‘मासोनारिया’. नवख्या कारकुनाची फसगत व्हावी इतके हे सादृश्य. ते उच्चारापुरतेच आहे असेही नाही. आमच्या गर्भकुडीत सर्वांस प्रवेश नाही, आमचेही काही विधी परक्याने पाहावयाचे नसतात, आणि महाजनपद तर जन्मानेच मिळते. त्यांच्याकडे निदान अर्ज करता येतो. प्रसन्नकुमार दत्त या बंगाली गृहस्थाने तो केला, तेव्हा अनेक देव मानणाऱ्याने कोणत्या देवाची शपथ घ्यावी, असा वाद घालून त्यास वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवले गेले. १८७२ साली त्यास प्रवेश मिळाला. आज भारतातील लॉजमध्ये इतर धर्मग्रंथांबरोबर भगवद्गीताही ठेवलेली असते. मला स्वतःला त्यांची गुप्तता रुचत नाही. आमच्या महाजनांची यादी लिहिलेली असते, हिशेब मामलेदाराकडे जातो, आणि ते तसेच असावे.

म्हणून मी सुचविले, की देणगी घ्यावी, पावती नावानिशी फाडावी, आणि रक्कम फलकावर लिहावी. तसा ठराव झाला. वयोवृद्ध महाजनांनी विरोध नोंदविला, व कोनशिला मात्र गावच्याच गवंड्याने बसवावी असा आग्रह धरला. तोही मान्य झाला.

माझे आजोबा सरकारी कचेरीत कारकून होते. प्रजासत्ताकाच्या समानतेमुळेच त्यांच्या पिढीतील हिंदूंस ती खुर्ची मिळाली होती, आणि ती टिकविण्यासाठी त्यांनी १९०१ क्रमांकाच्या कायद्याखालील प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्याची नक्कल आमच्या पेटीत आहे. सकाळी राखणदाराला नारळ ठेवून कचेरीत जाणारा तो गृहस्थ, आपण कोणत्याही गुप्त मंडळीत नाही, असे पोर्तुगीज भाषेत शपथेवर सांगतो आहे. खाली तिकीट, शिक्का, आणि वळणदार रोमन अक्षरांत त्यांचे पूर्ण नाव.