लेण्यापासून महालापर्यंत

वेरूळ महोत्सव गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकात सुरू झाला. पुढाकार महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा होता आणि रंगमंच कैलास लेण्याच्या पुढ्यात, उघड्यावर उभारला जाई. वेरूळ आणि अजिंठा 1983 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले होते. लेणी पाहायला येणारा पाहुणा संध्याकाळी थांबावा, हा महोत्सवामागचा उघड हेतू. गाण्याच्या ओढीपेक्षा पर्यटनाच्या गरजेतून झालेला हा जन्म महोत्सवाला पुढे बराच नडला.

जागा मात्र विलक्षण होती. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेले मंदिर मागे आणि वर मोकळे आभाळ. अशा ठिकाणी तंबोरा जुळत असतानाच ऐकणारा निम्मा जिंकलेला असतो. ते श्रेय गवयाचे किती आणि दगडाचे किती, हे ठरवणे अवघड.

वेरूळच्या आसपासच्या पिशोर, कन्नड, खुलताबाद या भागातल्या माणसाला उघड्यावरचे गाणे नवे नव्हते. हरिनाम सप्ताहात मांडवाखाली टाळ-मृदंग रात्रभर चालतो, काल्याच्या कीर्तनाने सांगता होते, आणि खर्च गावच्या वर्गणीतून भागतो. वेरूळला नवे होते ते तिकीट, खुर्ची आणि पुढच्या रांगेतले अधिकारी.

पुढे महोत्सव लेण्यांपासून दूर, औरंगाबाद शहरात, सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेलखंडाच्या पहाडसिंगाने सतराव्या शतकात बांधलेला हा महाल विद्यापीठाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी आहे. भिंतींवर एके काळी सोन्याच्या रंगातली चित्रे होती. शहरवासीयांची सोय झाली, श्रोते वाढले. नावात वेरूळ-अजिंठा राहिले, पण दोन्ही लेणी तिथून दिसत नाहीत.

याच काळात घड्याळही बदलले. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला. वर्षातल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सवलत मिळू शकते. पहाटेचे राग अशा मंचावरून गेले. पिशोरसारख्या गावच्या श्रोत्याची अडचण आणखी वेगळी. रात्रभर चालणारी मैफल त्याला परवडते, कारण ती संपते तेव्हा सकाळची पहिली एस.टी. लागलेली असते. दहाला संपणारी मैफल त्याला मध्यरात्रीच्या तोंडाशी रस्त्यावर आणून सोडते. शेजारघराची झोप राखणारा नियम योग्यच आहे. त्याची किंमत दूरच्या श्रोत्याने मोजली, इतकेच.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव शेजारी ठेवला की वेरूळचे दुखणे कळते. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व 1952 मध्ये वारले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुढच्याच वर्षी गुरूच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो चालवला. रमणबागेच्या मैदानातून तो मुकुंदनगरला गेला, रात्रींच्या संध्याकाळी झाल्या, भीमसेन 2011 मध्ये गेले आणि त्यांचेही नाव महोत्सवाला जोडले गेले. कोरोनाने खंड पाडला तरी 2022 च्या डिसेंबरमध्ये श्रोते परत आले, कारण डिसेंबर म्हटला की सवाई, ही त्यांची घरातली सवय होती. ती लावायला सत्तर वर्षे लागली.

वेरूळला अशी सवय जडूच शकली नाही. शासनाचा कार्यक्रम शासनाच्या सवडीने होतो. दुष्काळात तर गाण्यावर खर्च कसा करायचा, हा प्रश्न मराठवाड्यात रास्तच ठरतो. सप्ताह मात्र दुष्काळातही होतो, पंगत साधी होते एवढेच. 2016 नंतर महोत्सव वर्षानुवर्षे झाला नाही. तो 25 ते 27 फेब्रुवारी 2023 ला सोनेरी महालात पुन्हा भरला. आदल्याच दिवशी शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी आली होती, त्यामुळे औरंगाबादेत थांबलेला महोत्सव छत्रपती संभाजीनगरात सुरू झाला. 2024 मध्येही तो फेब्रुवारीतच, त्याच प्रांगणात झाला.